आउटबोर्ड इंजिन कोणत्या वेगाला तापते?

होडीच्या मागच्या फळीवर बसवलेले आउटबोर्ड इंजिन चालू असताना त्याच्या बाजूच्या एका लहान छिद्रातून पाण्याची बारीक धार सतत बाहेर पडत असते. इंजिनाला पाणी मिळते आहे याची खूण म्हणून सगळे जण त्या धारेकडे पाहतात. खूण उपयोगाची आहे, पण अपुरी आहे, कारण ही धार म्हणजे इंजिनात फिरणाऱ्या पाण्याचा एक छोटा फाटा असतो. पुष्कळ इंजिनांमध्ये हा फाटा थर्मोस्टॅटच्या, म्हणजे ठरावीक तापमानाला उघडून पाणी पुढे सोडणाऱ्या झडपेच्या, आधीच फुटतो, त्यामुळे धार जोरात असूनही सिलिंडर हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, कोरडे पडत चाललेले असू शकते. म्हणून इंजिन फार तापते अशी तक्रार असेल, तर धारेबरोबरच ते नेमके कोणत्या वेगाला तापते, हेही विचारले पाहिजे. माझ्या मते दोष शोधण्याची सुरुवात याच प्रश्नापासून व्हावी.

मोटारीच्या इंजिनात तेच ते पाणी रेडिएटरमधून थंड होऊन पुन्हा फिरते. आउटबोर्डला सहसा रेडिएटर नसतो. पाण्याखाली असलेल्या गिअरकेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या गिअर असलेल्या भागाच्या, जाळीतून बाहेरचे पाणी आत येते, पंप ते वर ढकलतो, धुराचा मार्ग, सिलिंडर आणि हेड यांच्याभोवती ते फिरते आणि शेवटी धुराबरोबर खाली बाहेर पडते. हे पाणी किती लागते, याचा ढोबळ हिशोब करता येतो. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे 32 मेगाज्यूल ऊर्जा असते आणि तिचा साधारण एक तृतीयांश भाग थंड करणाऱ्या पाण्याला उचलावा लागतो. तासाला 10 लिटर पेट्रोल जाळणाऱ्या इंजिनात ही उष्णता सुमारे 107 मेगाज्यूल होते. आत येणारे पाणी 30 अंशांनी तापून बाहेर जाते असे धरले, तर तासाला साडेआठशे लिटर, म्हणजे मिनिटाला जवळपास 14 लिटर पाणी लागते. वेग वाढवला की जळणारे इंधन वाढते आणि पाण्याची गरजही त्याच प्रमाणात वाढते.

एवढे पाणी उचलण्याचे काम गिअरकेसच्या वरच्या बाजूला, उभ्या शाफ्टवर बसवलेला रबरी पात्यांचा इम्पेलर करतो. त्याची रचना विलक्षण आहे. ज्या गोल घरात तो फिरतो, त्याचा मध्य शाफ्टच्या मध्याशी जुळत नाही. त्यामुळे फिरताना पाती एका बाजूला ताठ होतात आणि दुसऱ्या बाजूला दुमडतात. दोन पात्यांमधली जागा मोठी होताना पाणी ओढले जाते आणि लहान होताना ते पुढे ढकलले जाते. हळू वेगाला पंप असा चालतो, आणि त्यासाठी पात्यांची टोके भिंतीला घट्ट टेकलेली असावी लागतात. वेग वाढला की पाण्याच्या दाबाने पाती वाकून भिंतीपासून सुटतात आणि तोच पंप केंद्रापासून बाहेर पाणी फेकणारा पंप होतो. तेव्हा टोकांच्या घट्टपणाला फारसे महत्त्व उरत नाही.

पंपाच्या या दुहेरी स्वभावामुळे वरच्या प्रश्नाचे उत्तर महत्त्वाचे ठरते. इंजिन आयडलवर, म्हणजे सर्वांत कमी वेगाला, तापत असेल आणि वेग वाढवल्यावर थंड होत असेल, तर पात्यांची टोके झिजली आहेत, घराच्या भिंतीवर चरे पडले आहेत किंवा पंपाच्या सांध्यातून हवा आत येते आहे, असा संशय घ्यावा. मोठ्या इंजिनांमध्ये आणखी एक शक्यता असते. तेथे जादा दाबाला उघडणारी, स्प्रिंगवर बसणारी झडप असते. वाळूचा कण अडकून ती उघडी राहिली, तर हळू वेगाचा तुटपुंजा प्रवाह तिच्यातूनच निघून जातो. याउलट आयडलवर सगळे ठीक असून जोरात चालवताना इंजिन तापत असेल, तर जाळी अर्धवट बुजलेली असणे, आतले मार्ग क्षारांनी अरुंद झालेले असणे किंवा इंजिन फळीवर फार उंच बसवल्यामुळे जाळीत हवा शिरणे, अशी कारणे शोधावीत. येथे एक अपवाद ध्यानात ठेवावा लागतो: इम्पेलरचे रबर आणि त्याचा धातूचा गाभा यांची पकड सुटली असेल, तर हळू वेगाला तो नीट फिरतो आणि वेग वाढताच शाफ्टवर निसटू लागतो. वरून पाहता त्याची पाती नवीन दिसतात.

रबराला वंगण मिळते ते पाण्याचेच. म्हणून पाण्याबाहेर इंजिन काही सेकंद जरी चालवले, तरी पाती जळू शकतात. बराच काळ बंद राहिलेल्या इंजिनात एकाच स्थितीत दुमडून राहिलेली पाती कायमची वाकडी होतात. इम्पेलर काढल्यावर एखादे पाते तुटलेले दिसले, तर केवळ नवा बसवून थांबू नये. तुटलेला प्रत्येक तुकडा सापडेपर्यंत पाण्याचा मार्ग तपासावा, कारण तो तुकडा वरच्या नळीत किंवा ब्लॉकमध्ये अडकून पुन्हा तीच तक्रार उभी करतो.

थर्मोस्टॅटचा विचार करताना समुद्राच्या पाण्याचे रसायन आडवे येते. मोटारीचा थर्मोस्टॅट साधारण 80 ते 95 अंश सेल्सिअसच्या दरम्यान उघडतो, तर आउटबोर्डचा पुष्कळदा 60 अंशांच्या आसपासच उघडतो. त्यामागचे एक मोठे कारण क्षारांचे आहे. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, पण कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात कमी विरघळते, त्यामुळे धातू जितका गरम तितके त्यावर पुट लवकर धरते. हे पुट उष्णतेला अडवते, धातू आणखी तापतो आणि पुट आणखी वाढते. मीठ गोड्या पाण्याने धुऊन निघते, पण कॅल्शियमचे पुट केवळ पाण्याने सुटत नाही, म्हणून ते बसण्याआधीच दर फेरीनंतर इंजिन गोड्या पाण्याने धुणे हिताचे असते. थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला असेल, तर धार जोरदार असूनही इंजिन तापते. तो बाहेर काढून पाण्याच्या भांड्यात, तळाला टेकणार नाही असा टांगावा आणि शेजारी तापमापक ठेवून पाणी हळूहळू तापवावे. त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास तो उघडायला हवा. तो काढून टाकून इंजिन तसेच चालवणे मला योग्य वाटत नाही, कारण थंड राहणाऱ्या चार-स्ट्रोक इंजिनात न जळलेले पेट्रोल तेलात उतरते आणि तेल पातळ होते.

धार अचानक थांबली, तर मात्र एवढा खोल विचार करण्याची वेळ नसते. वेग कमी करावा, होडी सुरक्षित जागी आहे हे पाहून इंजिन बंद करावे आणि ते वर उचलून जाळी तपासावी. प्लास्टिकची पिशवी किंवा शेवाळ हे नेहमीचे कारण असते. जाळी मोकळी असेल, तर धारेच्या छिद्रात बारीक नायलॉनची दोरी घालून पाहावी, कारण पुष्कळदा छिद्रच मिठाने बुजलेले असते आणि इंजिन थंडच असते. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये. अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, आणि एकाच भागाचे अचानक आकुंचन झाल्यास हेड वाकते. हेड वाकले की त्याखालची सांधा बंद ठेवणारी पट्टी, म्हणजे गॅस्केट, सुटते, जळते वायू पाण्याच्या पोकळीत शिरतात, आणि पाण्याच्या मानाने वायू उष्णता फारच कमी वाहून नेत असल्याने तेवढी जागा कोरडी राहून भाजून निघते. तेल दुधाळ दिसणे किंवा एखादा स्पार्क प्लग इतरांपेक्षा अगदी स्वच्छ असणे ही याची लक्षणे आहेत.

पाण्याची व्यवस्था निर्दोष असूनही इंजिन तापत असेल, तर हवेच्या मानाने इंधन कमी मिळते आहे का, ठिणगी वेळेआधी पडते आहे का, होडी ढकलणारा पाण्यातला पंखा (प्रोपेलर) इंजिनाच्या ताकदीबाहेरचा आहे का, हे पाहावे. धोक्याची घंटा देणारा सेन्सरही खोटे बोलू शकतो. इन्फ्रारेड तापमापकाने पडताळा घेताना चकचकीत धातूवर रोख धरू नये, कारण असा धातू उष्णतेचे किरण कमी सोडतो आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. त्यावर काळ्या टेपचा तुकडा चिकटवून तेथे मोजावे.

दुरुस्तीनंतरची चाचणी बहुतेक जण जमिनीवर, नळाची रबरी नळी जाळीला जोडून घेतात. तेथे नळाचा दाबच पाणी वर ढकलत असल्याने झिजलेल्या पंपाचीही धार छान दिसते. खरी चाचणी होडी पाण्यात सोडून, पूर्ण भार असताना आणि ज्या वेगाला इंजिन आधी तापत होते त्याच वेगाला, निदान पंधरा-वीस मिनिटे चालवून घ्यावी लागते.