एकाच साखळीत दोन स्वभाव

बडोद्याला नायलॉनचं नवल नाही. फर्टिलायझरनगरला जीएसएफसीच्या (गुजरात स्टेट फर्टिलायझर्स अँड केमिकल्स) कारखान्यात कॅप्रोलॅक्टम हा कच्चा माल बनतो आणि त्यापासून नायलॉन-६. ते साधारण २२० अंशांना वितळतं. नायलॉनची साडी हातात पडली की जाणता इस्त्रीवाला आधी इस्त्री थोडी निवू देतो, तो यामुळेच.

नायलॉन कणखर, पण ताठ. त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्यांतले अमाइड नावाचे अणुगट हायड्रोजन बंध या हलक्या आकर्षणाने शेजारणींना धरून ठेवतात आणि साखळ्या रांगेत बसून स्फटिक बनतात. ते रबरासारखं लवावं म्हणून त्यात पॉलिईथर ही मऊ, लवचीक साखळी नुसती कालवली, तर दोघांचं जमत नाही. म्हणून दोघांचे तुकडे एकाच साखळीत आलटून पालटून जोडतात. हाच ब्लॉक कोपॉलिमर. आता भांडून जाणार कुठे? दांडियाबाजारातल्या जुन्या वाड्यात भावांच्या चुली वेगळ्या पण भिंत सामाईक, तसा संसार सुरू होतो: नायलॉन नायलॉनपाशी, मऊ मऊपाशी, मध्ये अंतर काही नॅनोमीटरचं.

हे डोळ्यांना दिसत नाही, उष्णतेला कळतं. अ‍ॅल्युमिनियमच्या इवल्याशा वाटीत काही मिलिग्रॅम नमुना, शेजारी रिकामी वाटी. दोन्ही मिनिटाला १० अंशांनी तापवायच्या आणि नमुन्याला किती उष्णता जास्त लागते ते मोजायचं. नायलॉन-१२ या नायलॉनच्याच दुसऱ्या प्रकाराचे तुकडे असलेल्या नमुन्याच्या आलेखात उणे ७० अंशांच्या आसपास छोटी पायरी येते. काचेसारखा गोठलेला मऊ भाग तिथे सैल होतो. पुढे दीडशेच्या वर मोठा उंचवटा, म्हणजे नायलॉनचे स्फटिक वितळले. दोघं एकजीव झाली असती, तर मऊ भाग आणि नायलॉन जिथे आपापले सैल होतात, त्या दोन तापमानांच्या मधेच कुठेतरी एक पायरी आली असती.

मला त्याहून गमतीचा वाटतो तो उंचवट्याचा आकडा. निव्वळ नायलॉन-१२ १७८ अंशांच्या आसपास वितळतं, इथे त्याच्या आधीच. तुकडे आखूड, म्हणून स्फटिक पातळ. पातळ स्फटिकाला पृष्ठभाग जास्त, आणि तो लवकर मोडतो.

हेच स्फटिक मऊ भागाला गाठींसारखे बांधून ठेवतात. गंधक घालून पक्क्या केलेल्या रबराच्या गाठी सुटत नाहीत. या मात्र तापवल्या की सुटतात, निवल्या की पुन्हा बसतात. त्यामुळे माल साच्यात ओतता येतो, उरलेले तुकडेही पुन्हा वितळवता येतात. धावण्याच्या महागड्या बुटांचा फेसाळ तळ याच कुळातला. हृदयाकडे सरकवायच्या कॅथेटरमध्ये तर मागचा भाग नायलॉन जास्त असलेला, म्हणजे ढकलता येईल इतका ताठ, आणि टोकाला नायलॉन कमी करून मऊ ठेवलेला, रक्तवाहिनीला टोचू नये म्हणून.