हिला स्टिअरिंग आहे का? मोटरहोम, कॅराव्हॅन आणि रत्नागिरीचे चार दिवस

गाडी दारात येऊन उभी राहिली आणि सासूबाई आतून धावत आल्या. “ॲम्ब्युलन्स काहून आली बाप्पा? कोणाले काय झालं?”

त्यांचं काही चुकलं नव्हतं. पांढरी, उंच, लांबलचक ट्रॅव्हलर आपल्याकडे बहुतेक वेळा रुग्णालयासमोरच दिसते. चूक माझी होती. मी फोनवर ‘कॅराव्हॅन’ मागितली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर कारच्या मागे जोडायची, खिडक्यांना पडदे असलेली, दोन चाकांची डबागाडी होती. बेतही त्याच हिशेबाने आखला होता. पुढे आपली कार, मागे घर. रत्नागिरीला पोचलं की घर एका जागी सोडायचं आणि कार घेऊन गणपतीपुळे, पावस, जयगड करत फिरायचं. प्रत्यक्षात दारात आलं ते इंजिन, स्टिअरिंग आणि चालकदादा यांच्यासकट घर. भाड्याने देणाऱ्याने फसवलं असं म्हणता येत नाही, कारण आपल्याकडे दोन्हींना कॅराव्हॅनच म्हणतात.

हा घोळ शब्दाचाच आहे. अमेरिकेत ‘आरव्ही’ म्हटलं की स्वतः चालणारं घर आणि ओढत न्यायचं घर दोन्ही त्यात येतात. इंग्लंडात कॅराव्हॅन म्हणजे ओढायची आणि मोटरहोम म्हणजे स्वतः चालणारी, असा सरळ हिशेब आहे. आपल्या राज्याने 2021 मध्ये धोरण आणलं त्याचं नाव ‘कॅराव्हॅन पर्यटन’, त्यामुळे तोच शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला. त्यात सिनेमावाल्यांची व्हॅनिटी व्हॅन आणखी भर घालते. ती मेकअपची खोली, सेटवर दिवसभर उभी राहणारी. तिच्यात आठ दिवस संसार करायचा नसतो.

मूळ शब्द फारसी, कारवान, म्हणजे वाटसरूंचा काफिला. इंग्रजीतला ‘व्हॅन’ हा त्याचाच शेपटाकडचा तुकडा. आपल्या विदर्भाला यासाठी परका शब्द लागतच नव्हता, यवतमाळकडे निघालं की गावोगाव तांडे लागतात. बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मुलुखभर हिंडणाऱ्या बंजाऱ्यांनी चालतं घर आपल्याआधी कितीतरी पिढ्या वापरलं. त्यांना वीज जोडायचा प्लग शोधावा लागत नव्हता, एवढाच फरक.

तर फोनवर विचारायचा प्रश्न एकच: हिला स्टिअरिंग आहे का? असेल तर मोटरहोम, नसेल तर ओढायची कॅराव्हॅन. पलंग, ओटा, संडास, फ्रिज दोन्हीत असतात, म्हणून आतले फोटो पाहून काहीच कळत नाही. फोटो बाहेरूनच मागवावा.

खरा फरक मुक्कामी पोचल्यावर कळतो. ओढायची कॅराव्हॅन एकदा जागेवर लावली, पाय टेकवले, चाकांना गुटके लावले की कार मोकळी होते. मोटरहोममध्ये घर आणि गाडी एकच असल्यामुळे भाजी आणायला निघालात तरी घर बरोबर येतं. थिबा पॅलेस बघायला निघायचं तर आधी अंथरूण गुंडाळा, भांडी कपाटात कोंबून कड्या लावा, विजेची वायर काढा, गॅस बंद करा. पहिल्या दिवशी आम्ही एक कडी विसरलो आणि भाट्याच्या पुलाआधीच तिखटमिठाचे डबे फरशीवर लोळत होते. ओट्यावरचं दुधाचं पातेलंसुद्धा आमच्याबरोबर पावसला जाऊन आलं, फक्त दूध अर्धंच परत आलं.

एवढं वाचून वाटेल की एका शहरात मुक्काम करून आजूबाजूला फिरायचं तर ओढायचीच बरी. कागदावर हे बरोबरच आहे. माझाही हाच समज होता, आंबा घाट उतरेपर्यंत.

नागपूरहून रत्नागिरीला जायचा सरळ रस्ता नावातच आहे, रत्नागिरी-नागपूर महामार्ग. बुटीबोरीहून वर्धा, यवतमाळ, नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, सांगली, कोल्हापूर. हजार किलोमीटरच्या आसपासची ही मजल बहुतेक सपाट आहे, त्या पट्ट्यात मागे काहीही जोडा, चालतं. (समृद्धीने मुंबईच्या अंगाला 701 किलोमीटर जाऊन मग गोवा महामार्गाने खाली उतरता येतं, पण तो वळसा आहे.) कोल्हापूर सोडल्यावर आंबा गाव येतं आणि तिथून साखरप्याकडे सह्याद्री एकदम खाली उतरतो. वळणावर वळण, समोरून ट्रक, एका अंगाला दरी.

मोटरहोम असेल तर चालक खालचा गिअर टाकून इंजिनाच्या ओढीवर गाडी सावकाश उतरवतो, ब्रेक अधूनमधून. आमचे चालकदादा गाणं गुणगुणत उतरले. मागे ट्रेलर, म्हणजे ओढायची कॅराव्हॅन, असता तर हिशेब वेगळा झाला असता. उतारावर ट्रेलर कारला मागून ढकलतो. हलक्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतात. जरा मोठ्यांना असतात ते ट्रेलर पुढच्या गाडीवर रेलला की त्या दाबानेच लागतात. सामान कसं भरलं यावर तर सगळं अवलंबून. ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा पुढच्या जोडावर पडायला हवा. जड सामान मागच्या कपाटात भरलं की नाक उचललं जातं आणि वेग वाढताच ट्रेलर डावी-उजवीकडे डोलायला लागतो. अशा वेळी माणूस घाबरून ब्रेकवर उभा राहतो, आणि तेच करायचं नसतं. ॲक्सिलरेटर हळूच सोडायचा आणि स्टिअरिंग सरळ धरायचं. शिवाय धावत्या ट्रेलरमध्ये माणसं बसवायची नसतात. सासूबाईंनी वर्धा ते लातूर पलंगावर जी झोप काढली, ती ट्रेलरमध्ये शक्यच नव्हती. एक खरं, त्या तशा आडव्या झोपल्या हेही बरोबर नव्हतं. मोटरहोममध्येही गाडी चालू असताना पट्टा लावून आसनावरच बसायचं असतं. मी सांगितलं होतं, जावयाचं कोण ऐकतं?

मागे घेणं हा तर वेगळाच विषय. काटोलला माझ्या मेहुण्याची संत्र्याची बाग आहे. तो ट्रॅक्टरची ट्रॉली दोन झाडांच्या मधून, मान वळवून, एका हाताने मागे घेतो. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रॉलीची शेपटी उजवीकडे जाते, हे त्याच्या हातात मुरलेलं आहे. आपण शहरातली माणसं. सीताबर्डीला साधी कार लावताना घाम फुटतो, तिथे दोन तुकड्यांची गाडी हॉटेलच्या फाटकातून मागे घेणं म्हणजे आधी तीन महिने मेहुण्याकडे शिकवणी लावली पाहिजे.

रत्नागिरी शहरात मात्र दोन्हींची पत सारखीच. टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मघर आहे, त्या भागात आपली उंच गाडी घालायची नाही. पतित पावन मंदिर, मांडवीचा किनारा, रत्नदुर्गावरचं भगवतीचं देऊळ, सगळं रिक्षाने उत्तम होतं. आम्ही एका ओळखीच्याच्या आवारात परवानगीने गाडी लावली आणि चार दिवसांतले दोन दिवस ती हललीच नाही. तेव्हा लक्षात आलं की ओढायच्या कॅराव्हॅनचा एकमेव मोठा फायदा, मोकळी कार, इथे दिवसाच्या रिक्षाभाड्यात विकत मिळतो. थिबा पॅलेसला तर रिक्षावाले काकाच आत येऊन सांगायला लागले. ब्रह्मदेशाचा राजा थिबा, इंग्रजांनी 1885 मध्ये राज्य घेतलं, त्यानंतर इथे आणून ठेवला. हा राजवाडा 1910 च्या सुमारास बांधून झाला आणि 1916 मध्ये राजा इथेच वारला. सासूबाई पश्चिमेकडच्या सज्जात उभ्या राहून बराच वेळ खाडीकडे बघत होत्या. “त्याचं घर कोठी, अन् हा बसला कोठी,” एवढंच म्हणाल्या.

गणपतीपुळ्याला आम्ही आरे-वारेच्या किनाऱ्याच्या रस्त्याने गेलो, तेव्हा मात्र घर बरोबर घेतलं आणि त्याचं चीज झालं. वरच्या वळणावर थांबून, मागचं दार उघडून, समोर समुद्र ठेवून आपल्याच ओट्यावर केलेला तर्री-पोहा खाल्ला. हे सुख ट्रेलरवाल्याला नाही, त्याचं घर तेव्हा मागे मुक्कामावर असतं. पण तोच रस्ता अरुंद आणि चढ-उताराचा आहे. समोरून एसटी आली की दोघांपैकी एकाला मागे जावं लागतं, आणि एसटी मागे जात नसते.

वीज-पाण्याच्या बाबतीत दोन्ही घरं सारखीच, पण नागपूरकर इथे हमखास फसतो. आपण कूलरची माणसं. पंचेचाळीसच्या वर पारा गेला तरी वाळ्याच्या ताट्या, पंप आणि पाणी यावर मे महिना निघतो, कारण आपली हवा कोरडी आणि कोरड्या हवेत पाणी उडून गारवा येतो. कोकणात हवेतच पाणी भरलेलं, कूलर लावला तर अंगाला आणखी चिकटा. म्हणजे एसी आला. आता गणित करा. गाडीच्या घरगुती बॅटऱ्या 12 व्होल्टच्या आणि 200 अँपिअर-तासांच्या धरल्या तर एकूण वीज 2400 वॅट-तास. एसीने तासाला हजार वॅट-तास खाल्ले तर दोन तासांत कारभार आटोपला, रात्र अजून पुढेच आहे. म्हणून मुक्कामाची जागा ठरवताना समुद्र दिसतो का हे नंतर बघा. सोळा अँपिअरचा प्लग आहे का, त्याला अर्थिंग आहे का, हे आधी.

पाण्याचं वजन लोक विसरतात. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो. मोटरहोमला ते फारसं जाणवत नाही. ट्रेलर मात्र टाकी भरून घाट उतरवू नये, खाली पोचून भरावी. आणि भरलेलं पाणी बाहेरही पडतं. ओट्याचं सांडपाणी एका टाकीत, संडासाचं दुसरीकडे, छोट्या गाड्यांत ते पेटीसारखं ओढून काढता येतं. या विषयावर घरात कोणी बोलत नाही आणि ती पेटी शेवटी घरातल्या जावयाकडेच येते. ती फक्त संडासातच रिकामी करायची. नाल्यात नाही, समुद्रात तर नाहीच.

वाळूवर दोघांपैकी काहीही नेऊ नका. ओहोटीला किनारा टणक आणि मोकळा दिसतो, पण सव्वासहा तासांच्या आसपास पाणी परत येतं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ते नेहमीपेक्षा वर चढतं. तीन-चार टनांची गाडी वाळूत बसली की तिला काढायला ट्रॅक्टरच लागतो, आणि काटोलचा मेहुणा हजार किलोमीटर लांब असतो. परत आल्यावर गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुवून घ्यायचं, खारी हवा पत्र्याला सोडत नाही. पावसाळ्यात तर जाऊच नये. नागपूरला वर्षाकाठी अकराशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, रत्नागिरीला तीन हजारांच्या वर.

परवान्याचं थोडक्यात. साडेसात हजार किलोपर्यंतची गाडी हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यात बसते, म्हणजे ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावरचं मोटरहोम कागदोपत्री तुम्हीही चालवू शकता. मोठ्या बसच्या सांगाड्यावरचं नाही. चालकासह भाड्याने घेतलेल्या गाडीची पाटी पिवळीच हवी. पांढऱ्या पाटीची कोणी स्वस्तात देत असेल तर अपघातात विम्याचं काय होईल ते आधी विचारा. आपल्याकडे भाड्याने मिळतात त्या बहुतेक इंजिनवाल्याच. ओढायची हवी असेल तर ती बहुधा विकतच घ्यावी लागेल, आणि मग वर्षाचे अकरा महिने ती उभी कुठे करायची हा प्रश्न घरच्यांपुढे ठेवावा लागेल.

आम्हाला भाड्यापेक्षा महाग पडले ते रिकामे किलोमीटर. गाडी पुण्याकडून नागपूरला रिकामी आली आणि शेवटी रिकामीच परत गेली, दोन्हींचे पैसे आमच्या बिलात. पुढच्या वेळी महाराष्ट्र एक्स्प्रेसने नागपूरहून कोल्हापूर गाठायचं आणि मोटरहोम तिथे बोलवायचं ठरवलंय. तिथून रत्नागिरी 130 किलोमीटरच्या घरात आहे आणि त्याआधीची लांब पल्ल्याची झोप रेल्वेच्या बर्थवर नियमात बसते.

मेहुण्याला हे सगळं सांगितलं. त्याला ओढायचीच आवडली होती. बागेतली जुनी ट्रॉली काढून, वर पत्रा ठोकून, पलंग टाकून न्यायचा त्याचा विचार होता. मी म्हटलं, रस्त्यावर न्यायच्या ट्रेलरला स्वतःची नोंदणी लागते, नंबर लागतो, हवी तशी वेल्डिंग करून चालत नाही.

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “भाऊजी, मंग ट्रॉली बागेतच ठेवतो. तुम्ही मुक्कामाले या. प्लग सोळाचाच आहे.”