मूड ठीक, तरी लक्षात राहत नाही

बायपोलर आजाराच्या, म्हणजे कधी उन्मादाचे (अति उत्साहाचे) तर कधी नैराश्याचे झटके येणाऱ्या माणसांचं एक गाऱ्हाणं घरात कुणी फारसं मनावर घेत नाही. मूड ठीक असतो, गोळ्या वेळेवर चालू असतात, तरी वाचलेलं डोक्यात राहत नाही, ऑफिसात दोन कामं एकदम आली की गोंधळ उडतो. ‘वय झालं की होतंच असं,’ म्हणून विषय मिटवला जातो. चाळिशीतल्या माणसाला असं सांगणं चूक आहे आणि घातकही.

डॉक्टरांनाही हे उमगायला वेळ लागला. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी १८९९ मध्ये हा आजार आजच्या स्किझोफ्रेनियापासून वेगळा काढला, तो बऱ्याच अंशी याच आधारावर, की उन्माद किंवा नैराश्य ओसरलं की बुद्धी शाबूत असते. ही समजूत विसाव्या शतकात दीर्घकाळ टिकली. पुढे मूड स्थिर असलेल्या रुग्णांच्या चाचण्या झाल्या, तेव्हा ऐकलेले शब्द लक्षात ठेवणं, लक्ष टिकवणं आणि कामाची आखणी करणं यांत अनेकजण मागे पडलेले दिसले. सगळेच नव्हेत, काहींची बुद्धी पूर्वीइतकीच तल्लख असते.

वयाबरोबर मेंदूचा वेग तरुणपणापासूनच हळूहळू मंदावतो, शब्दसंपत्ती मात्र साठीपर्यंत सहसा टिकते. बायपोलरमधली अडचण बहुतेकदा ऐन तारुण्यात, आजाराच्या सुरुवातीच्या काळातच दिसू लागते. आणि रुग्णांचा काही वर्षं पाठपुरावा करणाऱ्या बऱ्याच अभ्यासांत ती बहुतेकांमध्ये आहे तिथेच थांबलेली आढळली. उतारवयात स्मृतिभ्रंशाचा धोका या रुग्णांना इतरांपेक्षा जास्त असतो, हेही खरं. म्हणून विसरणं झपाट्यानं वाढत असेल, ओळखीचे रस्ते चुकत असतील, तर वेगळी तपासणी हवीच.

पण त्याआधी दुरुस्त होण्याजोगी कारणं शोधायला हवीत, आणि माझ्या मते इथेच सर्वांत जास्त हयगय होते. रेंगाळलेलं नैराश्य, अपुरी झोप, झोपेच्या गोळ्यांची सुस्ती. मूड स्थिर ठेवायला दिल्या जाणाऱ्या लिथियम या औषधामुळे थायरॉईड मंदावू शकतं, त्यानंही डोकं जड होतं. वयानुसार मूत्रपिंडं लिथियम सावकाश बाहेर टाकतात, त्यामुळे वर्षानुवर्षं सोसलेला तोच डोस साठीनंतर जास्त होऊ शकतो. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं किंवा गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेनसारखी गोळी घेतली, तरी लिथियमची रक्तातली पातळी चढते. हात थरथरणं, तोल जाणं, गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं, तर म्हातारपण समजून वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठून रक्ततपासणी करून घ्यावी. एरवी मात्र विसरायला होतं म्हणून लिथियम आपणहून बंद करू नये. ते घेणाऱ्या रुग्णांत स्मृतिभ्रंश कमी आढळल्याचे अभ्यास आहेत, आणि अचानक थांबवलं तर उन्माद उसळू शकतो.

स्पेनमध्ये बार्सिलोनाच्या संशोधकांनी अशा रुग्णांसाठी २१ आठवड्यांचा गटवर्ग आखला. यादी कशी करायची, मोठं काम कसं तोडायचं, लक्ष कसं परत आणायचं, याचा रोजच्या प्रसंगांतून सराव. २०१३ मध्ये निष्कर्ष आले. स्मरणशक्तीच्या चाचण्यांतले गुण फारसे वाढले नव्हते, पण नोकरीत आणि माणसांत वावरणं सुधारलं होतं.