राख, सोडण आणि यंत्र : गोव्यातील भांडी घासण्याची पार्श्वभूमी

मार्च 2020च्या अखेरीस देशभर टाळेबंदी लागू झाली आणि घरकामाला येणाऱ्या महिलांचे येणे एका दिवसात थांबले, तेव्हा पणजी, पर्वरी, मडगाव, वास्को अशा भागांतील कितीतरी कुटुंबांत खरकट्या भांड्यांचा ढीग पहिल्यांदाच घरच्या माणसांच्या वाट्याला आला. भांडी धुण्याची यंत्रे भारतीय बाजारात त्याआधी सुमारे तीन दशके उपलब्ध होती. परंतु विजेच्या उपकरणांच्या दुकानांत ती एखाद्या कोपऱ्यात मांडून ठेवलेली असत आणि गिऱ्हाईक कपडे धुण्याचे यंत्र घेऊन परत जाई. त्या वर्षी मात्र मागणी इतकी वाढली की अनेकांना यंत्रासाठी वाट पाहावी लागली. यंत्राचे गुण लोकांना एकाएकी उमगले, असा याचा अर्थ लावणे सोपे आहे, पण तो बरोबर वाटत नाही. हाताने घासावे की यंत्राने, हा वाद पाणी, वीज आणि स्वच्छता या मुद्द्यांवर घातला जात असला, तरी त्याचा निकाल आजवर बहुधा दोनच प्रश्नांनी लावला आहे : घासणारे हात कोणाचे, आणि भांडी कशाची.

गोव्यातील जुन्या घरात भांडी स्वयंपाकघरात घासली जात नसत. त्यांची जागा मागीलदारी, विहिरीजवळच्या दगडावर असे. हिंदू घरांत यामागे खरकट्याचा विचार होता. उष्टी भांडी चुलीपासून आणि पाण्याच्या कळशांपासून दूर ठेवली जात. ख्रिस्ती घरांत हा विचार त्या रूपात नसला, तरी धुण्याघासण्याची जागा घराच्या मागच्या अंगालाच होती, कारण विहीर तिथे होती आणि सांडपाणी माडाच्या किंवा केळीच्या मुळाशी सोडता येत होते. पाणी दोराने ओढून काढावे लागे, म्हणून ते मोजून वापरले जाई. लग्नकार्यात आणि देवळातील समाराधनेला केळीच्या पानांवर किंवा पत्रावळींवर पंगती उठत, त्यामुळे जेवणाऱ्यांची ताटे घासण्याचा प्रश्नच उरत नसे. राहत ती केवळ रांधायची मोठी भांडी.

घासण्याचे साहित्य घरातच तयार होत असे. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. ओली राख तेलकट भांड्यावर चोळली की हा अल्कधर्मी क्षार तेलाचा चिवटपणा मोडतो आणि तेलातील काही भागाचा चक्क साबण होतो. शिवाय राखेचे बारीक कण घासण्याचे काम करतात ते वेगळेच. नारळाचे सोडण, म्हणजे काथ्याची चोथट साल, हा घासणीचा दुसरा अर्धा भाग होता आणि माड असलेल्या कोणत्याही परसात त्याला तोटा नव्हता. तांब्यापितळेला राख पुरत नसे. त्यासाठी चिंच, आमसुले किंवा बिंबले लागत, कारण धातूवर चढलेला काळपट थर आम्लात विरघळतो. आतल्या बाजूची गोष्ट निराळी होती. आंबट पदार्थ उघड्या तांब्यापितळेत कळकतो, म्हणून भांड्याला आतून कथलाची कल्हई लावून घ्यावी लागे. कल्हईवाला दारी येई, भट्टी पेटवी, तापलेल्या भांड्यात नवसागराची पूड टाकून पृष्ठभाग साफ करी आणि वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने फिरवी. रोजच्या घासण्याने हा पातळ थर झिजत असे, त्यामुळे त्याची फेरी पुन्हापुन्हा लागत असे. मातीच्या भांड्यांचे शास्त्र याहून वेगळे. माशाचे हुमण ज्या कुंडल्यात शिजे ते सच्छिद्र असल्यामुळे तीव्र क्षार त्याला मानवत नाही. गरम पाणी आणि सोडण एवढ्यावरच ते भागवावे लागते आणि म्हणूनच ते वर्षानुवर्षे एकाच प्रकारच्या रांधपासाठी राखून ठेवले जाई.

ही सगळी व्यवस्था बायकांच्या श्रमांवर उभी होती. सामान्य घरांत त्या घरच्याच सासवा-सुना होत्या; भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, मोठ्या घरांत मात्र त्यांच्या जमिनीवर राहणाऱ्या मुंडकार कुटुंबांतील स्त्रियाही या कामाला येत. राहत्या झोपडीचा आधार भाटकाराच्या मर्जीवर असल्याने हे येणे कितपत स्वखुशीचे होते, हे वेगळे सांगायला नको. गोवा मुक्तीनंतर गावोगावी शाळा निघाल्या. 1975च्या मुंडकार संरक्षण कायद्याने घरातून हुसकावले जाण्यापासून संरक्षण मिळाले आणि त्या आधाराची अट सैल झाली. आखाती देशांतील नोकऱ्यांनी घराघरांत पैसा आणला. पुढच्या पिढीतील मुली शिक्षिका, परिचारिका, कारकून झाल्या. भाटकाराच्या मागीलदारी त्यांच्यापैकी कोणी परतले नाही. शहरी भागांत त्यांची जागा हळूहळू शेजारच्या कर्नाटकातून आणि नंतर आणखी दूरच्या राज्यांतून आलेल्या महिलांनी घेतली, आणि लादी, कपडे, भांडी अशा कामांचे वेगवेगळे पैसे ठरवून महिन्याला हिशेब करण्याची पद्धत रूढ झाली.

त्याच काळात साहित्यही बदलले. स्वयंपाकाचा गॅस आला तशी चूल विझली आणि चुलीबरोबर राखही संपली. स्टेनलेस स्टीलची भांडी आल्यावर कल्हईवाल्याला काम उरले नाही. राखेच्या जागी आधी पूड आणि मग वडी आली. विमची वडी भारतात 1993 साली बाजारात आली आणि तिने घासण्याच्या पुडीला मागे टाकले. भांडी मागीलदारातून स्वयंपाकघरातील ओट्याच्या सिंकमध्ये आली ती याच सुमारास. सदनिकांत मागीलदार नसतेच. यंत्राची चर्चा करताना हा टप्पा बहुधा वगळला जातो. वास्तविक स्टीलचे ताट, नळाचे पाणी आणि स्वयंपाकघरातच घासण्याची तयारी या तीन गोष्टी जुळून आल्यावाचून यंत्राला घरात जागाच नव्हती.

यंत्राचा स्वतःचा इतिहास अमेरिकेत सुरू होतो. 1850 साली जोएल हॉटन यांनी हाताने फिरवायच्या, भांड्यांवर पाणी उडवणाऱ्या लाकडी यंत्राचे पेटंट घेतले. ते फारसे उपयोगाचे नव्हते. खरा आरंभ जोसेफिन कॉक्रेन यांच्यापासून धरला जातो. इलिनॉय राज्यातील शेल्बीव्हिल येथे राहणाऱ्या या संपन्न घरातील बाईंकडे चिनी मातीची मौल्यवान भांडी होती आणि नोकरांकडून घासताना त्यांच्या कडा उडत, ही त्यांची तक्रार होती. पती 1883 साली वारले आणि मागे कर्ज ठेवून गेले. तोवर हौसेचा असलेला विचार आता उपजीविकेचा झाला. जॉर्ज बटर्स या यंत्रज्ञाच्या मदतीने त्यांनी ताटवाट्यांच्या मापाचे तारेचे कप्पे बनवले, ते तांब्याच्या बॉयलरमधील चाकावर बसवले आणि खालून साबणाच्या गरम पाण्याचे फवारे सोडले. 28 डिसेंबर 1886 रोजी त्यांना पेटंट मिळाले. भांडी जागच्या जागी पक्की धरून त्यांच्यावर दाबाने पाणी मारायचे, हे त्यांचे तत्त्व आजही प्रत्येक यंत्रात आहे.

विकत घेणारे मात्र हॉटेलवाले निघाले. 1893च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात कॉक्रेन यांची यंत्रे तिथल्या उपाहारगृहांत चालत होती आणि त्यानंतर हॉटेले, रुग्णालये, महाविद्यालये यांच्याकडून मागणी आली. घरांत ते शिरले नाही. किंमत मोठी होती, घरगुती बंबाला तेवढे गरम पाणी पुरवता येत नव्हते, आणि जिथे पाणी जड होते तिथे साबणाला नीट फेसच येत नव्हता. कॉक्रेन 1913 साली वारल्या. त्यांची कंपनी 1926 साली होबार्ट कंपनीने घेतली आणि किचनएड या नावाने घरगुती यंत्र 1949 साली बाजारात आले, म्हणजे पेटंटनंतर तब्बल 63 वर्षांनी. युरोपात मीले या जर्मन कंपनीने विजेवर चालणारे यंत्र 1929 साली काढले होते, पण तिथेही सामान्य घरांत ते दुसऱ्या महायुद्धानंतरच पोहोचले. घरात राहणाऱ्या नोकरांचा काळ तिकडे तोवर ओसरला होता.

गोव्यातील मोठ्या वाड्यांतही चीनमध्ये घडवलेली आणि मकावमार्गे आलेली चिनी मातीची भांडी होती. चांदरच्या मिनेझिस ब्रागांझा यांच्या घरात असा संग्रह आजही पाहायला मिळतो. ताटांच्या कडा इथेही उडतच असणार. परंतु घासणारे हात इतके स्वस्त होते की त्यांच्याऐवजी काही शोधण्याची गरज इथल्या कोणाला वाटण्याचे कारण नव्हते.

यंत्र घासत नाही, हा त्याच्याविषयीचा सर्वांत दुर्लक्षित मुद्दा आहे. हाताच्या जोराची भरपाई ते वेळ, उष्णता आणि रसायन यांनी करते. साधारण 50 ते 70 अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी फिरत्या दांड्यांतून तास-दोन तास भांड्यांवर आदळत राहते. त्यातील पूड किंवा वडी हाताच्या साबणापेक्षा कितीतरी अधिक अल्कधर्मी असते, म्हणजे एका अर्थी राखेच्याच कुळातली. तिच्या जोडीला पिष्ट आणि प्रथिने तोडणारी विकरे (एन्झाइम) असतात. फेस मात्र तिला येता कामा नये, कारण फेसाने फवाऱ्याचा जोर मरतो. यंत्रात घालायचे मीठ भांडी धुण्यासाठी नसून पाणी मृदू करणाऱ्या कप्प्याला पुन्हा कामाजोगे करण्यासाठी असते. गोव्यात जांभ्या दगडातून झिरपणारे पाणी सहसा मृदूच असते, त्यामुळे ही मांडणी सर्वांत खालच्या पायरीवर ठेवली तरी बहुतेक ठिकाणी चालते. किनाऱ्याजवळच्या खारट विहिरी याला अपवाद होत.

पाण्याच्या बचतीचा जो आकडा वारंवार पुढे केला जातो, त्याचा उगम जर्मनीतील बॉन विद्यापीठात आहे. तेथील संशोधकांनी वेगवेगळ्या युरोपीय देशांतील लोकांना बारा माणसांची भांडी हाताने घासायला लावली, तेव्हा सरासरी शंभर लिटरच्या आसपास पाणी लागले. आजचे यंत्र त्याच कामाला साधारण 10 ते 15 लिटर घेते. हा फरक खरा आहे, पण तो जसाच्या तसा गोव्यात आणता येत नाही. त्या प्रयोगात अनेकांनी गरम पाण्याचा नळ सोडून ठेवला होता. टबात एकदा साबण लावून तांब्याने पाणी ओतत खळबळणाऱ्या घरात तेवढे पाणी लागत नाही, आणि आपल्याकडे भांडी गार पाण्यातच घासली जात असल्याने विजेचा खर्च शून्य असतो. यंत्राला एका फेरीस साधारण एक युनिट वीज लागते. सिंकचा नळ सतत वाहता ठेवणाऱ्या घरांत मात्र बॉनचा आकडा फार दूर नाही, आणि अशी घरे वाढत आहेत.

त्याचे कारण नळाच्या इतिहासात आहे. ओपा येथील जलप्रकल्प 1957 साली, पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या काळात सुरू झाला. पुढे साळावली धरणाने दक्षिण गोव्याची गरज भागवली. ऑगस्ट 2022 मध्ये प्रत्येक ग्रामीण घरात नळ असलेले देशातील पहिले राज्य म्हणून गोवा प्रमाणित झाला. त्याआधी, सप्टेंबर 2021 पासून, महिन्याला 16,000 लिटरपर्यंत पाणी वापरणाऱ्या कुटुंबांना बिल माफ करण्यात आले. दिवसाला पाचशे लिटरहून अधिक पाणी फुकट मिळत असताना भांड्यांमागे पन्नास-साठ लिटर वाचवण्यासाठी कोणी यंत्र घेईल, अशी अपेक्षा करण्यात अर्थ नव्हता. मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वस्त्यांत हा हिशेब बदलतो, पण त्या वस्त्यांत यंत्राची किंमत परवडणारी घरे थोडी.

दुसरा अडसर भांड्यांचा आहे. ॲल्युमिनियमचे टोप यंत्रातील क्षाराने काळे पडतात. लोखंडी तवा आणि कायल गंजते, पितळेची चकाकी जाते, करवंटीची दवली (पळी) तडकते, कुंडले तर आत ठेवण्याचा प्रश्नच नाही. हळदीचा डाग प्लास्टिकच्या डब्यावर तसाच राहतो. ताटाला चिकटलेले खोबऱ्याचे वाटप आणि माशाचे काटे आधी काढून टाकले नाहीत, तर गाळणीत अडकून दुसऱ्या दिवशी वास मारतात. उत्पादकांनी भारतीय कढईसाठी 70 अंशांपर्यंत पाणी तापवणाऱ्या फेऱ्या आणल्या, त्याने तेलकट स्टील निघते. चतुर्थीला एकत्र कुटुंबाच्या मूळ घरात चुलीवर चढणारी मोठी भांडी मात्र कोणत्याच घरगुती यंत्राच्या दारातून आत जात नाहीत.

म्हणूनच ज्या घरांत यंत्र आले आहे त्यांपैकी पुष्कळांत घासणेही सुटलेले नाही. ताटे, वाट्या, पेले, कप यंत्रात आणि टोप, तवे, कढया हाताने, अशी वाटणी झालेली दिसते. कामाला येणाऱ्या महिलेच्या दृष्टीने याचा परिणाम थेट आहे, कारण तिचा पगार कामांच्या यादीवर ठरतो. काही घरांनी भांड्यांऐवजी दुसरे काम देऊन रक्कम तीच ठेवली, काहींनी भांड्यांचे पैसे वजा केले, तर काहींनी उरलेली मोठी भांडी लादीच्याच पैशांत घासून घ्यायला सुरुवात केली. घरकामगारांच्या हक्कांविषयीचा करार क्र. 189 आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2011 साली स्वीकारला आणि भारताने त्याच्या बाजूने मतही दिले. परंतु त्यास आपल्या देशाची अधिकृत मान्यता मिळालेली नाही, आणि कोणत्या कामाचे किती पैसे द्यायचे ते अजूनही स्वयंपाकघराच्या दारातच ठरते.