परिषदेचं तिकीट कोणाच्या खिशातून? संशोधक विद्यार्थ्यांच्या प्रवासखर्चाची पार्श्वभूमी

खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये कर्करोगाच्या पेशींवर काम करणारी विद्यार्थिनी, नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेत आयनोस्फिअरचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचा, अभ्यास करणारा विद्यार्थी आणि ठाण्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या संशोधन केंद्रात मराठी किंवा वाणिज्य विषयात पीएच.डी. करणारे कुणी, या सगळ्यांना कधी ना कधी परिषदेत शोधनिबंध वाचायचा असतो. पहिली संस्था अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली, दुसरी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या, तिसरं महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी संलग्न. तिकिटाचे पैसे मागायची दारंही म्हणून तीन. तिसऱ्याच्या वाट्याला बहुतेक वेळा दारच येत नाही.

ही व्यवस्था कुणी एकदा बसून आखलेली नाही. वेगवेगळ्या काळातले नियम एकावर एक चढत गेले, आणि जुने काढायचं कुणाला सुचलं नाही.

सुरुवातीला पैसा माणसाला मिळे, प्रवासाला नाही. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी उभारला, तो कर्जाऊ शिष्यवृत्तीचा होता. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंड दिले, तीन वर्षांसाठी, आणि बदल्यात संस्थानात दहा वर्षं नोकरी करण्याचा करार झाला. जातिव्यवस्थेच्या उगमावरचा त्यांचा प्रसिद्ध निबंध ९ मे १९१६ रोजी त्याच विद्यापीठातल्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचला गेला. पुढे ट्रॉम्बेची अणुसंस्था उभारणारे होमी भाभा केंब्रिजला असताना त्यांना राउझ बॉल प्रवासी शिष्यवृत्ती मिळाली, आणि तिच्या बळावर ते झुरिकला पाउली आणि रोमला फर्मी या भौतिकशास्त्रज्ञांकडे काम करून आले. कर्ज असो, करार असो वा शिष्यवृत्ती, पैसे आधी हातात पडत. बोर्डिंग पास जोडून बिल लावायची पद्धत तेव्हा नव्हती.

देशातल्या देशात परिषदेला जायचं ते रेल्वेने. भारतीय विज्ञान परिषदेचं पहिलं अधिवेशन जानेवारी १९१४ मध्ये कलकत्त्याला भरलं. पुढे अशी अधिवेशनं वाढत गेली तशी रेल्वेच्या सवलतींच्या यादीतही त्यांना जागा मिळाली. काही अखिल भारतीय संस्थांच्या वार्षिक अधिवेशनांच्या प्रतिनिधींना २५ टक्के, आणि ३५ वर्षांपर्यंतच्या संशोधक विद्यार्थ्यांना संशोधनाच्या कामासाठी ५० टक्के सवलत, दोन्ही फक्त द्वितीय श्रेणी आणि स्लीपरला. २० मार्च २०२० पासून विद्यार्थी, रुग्ण आणि दिव्यांग सोडून बाकी सवलती थांबल्या, त्यात प्रतिनिधींची सवलत गेली. संशोधक विद्यार्थ्यांची सवलत विद्यार्थी गटात मोडते. तिच्यासाठी संस्थाप्रमुखांच्या सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र घेऊन ठाणे किंवा पनवेलच्या आरक्षण खिडकीवर उभं राहावं लागतं. ती ऑनलाइन मिळत नाही, तत्काळला लागू नाही, आणि सूट फक्त मूळ भाड्यावर आहे. आरक्षण आणि सुपरफास्टचे आकार पूर्ण भरायचे. एवढ्यासाठी कोण रांग लावतो, असं म्हणून बहुतेक जण ती सोडून देतात. मानव्यविद्येतल्या ज्याला अभिलेखागारासाठी वर्षातून चार वेळा दिल्ली-कोलकाता गाठायचं असतं, त्याने सोडू नये.

आजच्या नियमांचा खरा साचा मात्र परकीय चलनाच्या टंचाईने घडवला. १९४७ चा परकीय चलन नियमन कायदा, मग १९७३ चा ‘फेरा’ म्हणून ओळखला गेलेला आणखी कडक कायदा. परदेशी जाणाऱ्याला रिझर्व्ह बँकेच्या परवानगीचा ‘पी फॉर्म’ लागे. एक काळ असा होता की खिशात आठ डॉलर घेऊन विमानात बसावं लागे. त्या दिवसांत सरकारी फाइलवर पहिला प्रश्न ‘खर्च किती’ हा नसे, ‘यात परकीय चलन गुंतलंय का’ हा असे. यजमानाने खर्च उचलला तर परवानगी सोपी. फुलब्राइटसारख्या कार्यक्रमांचं महत्त्व त्यामुळेच वाढलं, भारताशी त्यांचा करार १९५० मधला. ‘फेरा’च्या जागी आलेला सौम्य ‘फेमा’ कायदा १ जून २००० पासून लागू झाला, २००४ पासून सामान्य माणसालाही ठरावीक मर्यादेत परदेशी पैसे पाठवायची मुभा मिळाली. टंचाई संपली. पण आधी परवानगी, मग स्वतःचा खर्च, शेवटी परतफेड, हा क्रम तसाच राहिला. पगारदार प्राध्यापकाला तो झेपतो. महिना ३७ हजार फेलोशिपवर खारघरला भाडं भरून राहणाऱ्याला लाख-दीड लाख रुपये तीन-चार महिने अडकवून ठेवणं झेपत नाही.

विज्ञान शाखांसाठी मुख्य दार म्हणजे आंतरराष्ट्रीय प्रवास साहाय्य योजना. ती आधी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाकडे होती, मग २००८ च्या कायद्याने झालेल्या ‘सर्ब’ या विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाकडे गेली, आणि २०२३ च्या कायद्याने आलेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘सर्ब’ची जागा घेतल्यावर तिथे. पस्तिशीच्या आतल्या संशोधकाला प्रामुख्याने इकॉनॉमी विमानभाडं, नोंदणी शुल्क आणि व्हिसा शुल्क मिळतं. राहण्या-जेवणाची सोय वेगळी बघावी लागते. सीएसआयआर, आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्याही प्रवास योजना आहेत, संगणकशास्त्रात एसीएम इंडिया आणि आयएआरसीएस या संघटना मिळून पीएच.डी. विद्यार्थ्यांना अनुदान देतात. समाजशास्त्रांसाठी १९६९ मध्ये स्थापन झालेली आयसीएसएसआर, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, आहे.

क्लेम अडकतात ते मुख्यतः तिकिटावर. १३ जुलै २००९ च्या आदेशाने सरकारी खर्चाचा विमानप्रवास एअर इंडियानेच करायचा असं ठरलं. स्वस्त तिकीट दुसऱ्या कंपनीचं मिळत असलं तरी ते काढलं की बिल परत. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली आणि ही अट सुटली, पण तिच्या जागी दुसरी आली. तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी या तिघांपैकी एकाकडूनच काढायचं. मोबाइलवरच्या नेहमीच्या ॲपवर दोन हजारांनी स्वस्त दिसतं म्हणून घेतलेलं तिकीट ऑडिटमध्ये अख्खंच्या अख्खं नामंजूर होऊ शकतं. अनुदानाच्या पत्रात हा नियम लिहिलेला असतो, फक्त पत्र हातात येईपर्यंत तिकीट काढून झालेलं असतं.

बाकीच्या अडचणी बारीक, पण त्याच त्याच. सहलेखकांचं ना-हरकत पत्र नसतं. परिषदेच्या स्वीकृतिपत्रावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव जुळत नाही, वडिलांचं नाव मधे घालायच्या आपल्या पद्धतीमुळे हे आपल्याकडे फार होतं. परिषद संपल्यावर चार दिवस भटकंती जोडली की परतीचं भाडं ‘कामासाठी’ होतं का, हा प्रश्न निघतो. बोर्डिंग पास मोबाइलवर घेतला आणि नंतर उघडत नाही, म्हणून तो विमानतळावरच छापून घ्यावा. नोंदणी शुल्क कार्डाने युरोत भरलं तर पावती युरोची आणि कपात रुपयांत, त्यामुळे पावतीबरोबर कार्डाचं स्टेटमेंटही लावावं, नाहीतर लेखा विभाग स्वतःच्या दराने हिशेब करतो. शेवटी सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतल्या ‘जीएफआर १२-अ’ नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र, ज्यावर संस्थेच्या वित्त अधिकाऱ्याची आणि प्रमुखांची सही लागते. मार्चअखेर ती सही मिळवणं हा वेगळाच प्रकल्प आहे.

संलग्न महाविद्यालयांची गोष्ट मात्र कोरडी का राहिली? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या प्रवास अनुदानाचा रोख महाविद्यालयीन शिक्षकांवर होता, विद्यार्थ्यावर नाही. शिवाय ते पंचवार्षिक योजनांच्या पैशातून येई, आणि ती पद्धतच बारावी योजना ३१ मार्च २०१७ ला संपली तेव्हा थांबली. गंमत अशी की त्याच सुमारास मागणी वाढवली गेली होती. २०१६ च्या पीएच.डी. नियमांनी प्रबंध सादर करण्याआधी एक प्रकाशित शोधनिबंध आणि परिषदांतली दोन सादरीकरणं सक्तीची केली. पैसे मात्र सोबत दिले नाहीत. मग जे व्हायचं तेच झालं. दर शनिवारी कुठे ना कुठे ‘राष्ट्रीय’ परिषद, हजार-पाचशे शुल्क, दहा मिनिटांत तीन सादरीकरणं, दुपारी जेवण आणि प्रमाणपत्र. ७ नोव्हेंबर २०२२ च्या नव्या नियमांनी ही सक्ती काढली, ते बरंच झालं. तरी मुलाखतीत प्रमाणपत्रं मोजायची सवय गेलेली नाही.

अशा विद्यार्थ्याच्या हातात उरते ती कंटिन्जन्सी, म्हणजे किरकोळ खर्चाची वार्षिक रक्कम, तीही जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) असेल तरच. मानव्य व समाजशास्त्रांना पहिली दोन वर्षं वार्षिक १०,००० आणि पुढे २०,५०० रुपये. विज्ञानाला १२,००० आणि २५,०००. पुस्तकं, झेरॉक्स, टंकलेखन, क्षेत्रभेटी सगळं यातच. पलीकडे पवईच्या आयआयटीत पंतप्रधान संशोधन फेलोला वर्षाला दोन लाखांचं संशोधन अनुदान मिळतं, त्यातून परिषदेचा प्रवास निघतो. ठाणे स्टेशनवरून दोघे एकाच गर्दीत सकाळी निघतात.

वेळेचं गणित उलटं मांडावं लागतं. युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी द्यावा लागतो, शुल्क ९० युरो, सोबत किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा. व्हिएन्नात एप्रिल-मेच्या सुमारास भरणाऱ्या युरोपीय भूविज्ञान संघाच्या सभेचे गोषवारे त्याच वर्षीच्या जानेवारीत जातात, म्हणजे स्वीकृती येईपर्यंत अनुदानाच्या अर्जाला काही आठवडेच उरतात. म्हणून गोषवारा पाठवतानाच परिषदेच्या स्वतःच्या विद्यार्थी मदतीचा रकाना भरावा. ही मदत सरकारी मंजुरीच्या आधी कळते आणि बहुधा नोंदणी शुल्क माफीने सुरू होते. व्हिसाला खर्चाची हमी लागते आणि मंजुरीपत्र तोवर आलेलं नसतं; तेव्हा मार्गदर्शकांमार्फत संस्थेचं पत्र घ्यावं, त्यात खर्च कोण करणार हे एका वाक्यात स्पष्ट असावं. आणि मार्गदर्शकांच्या चालू प्रकल्पात प्रवासाचा हिस्सा शिल्लक आहे का, हे लेखा विभागातल्या बाईंना नोव्हेंबरातच विचारून ठेवावं. मार्चमध्ये तो दुसऱ्या कुणीतरी वापरलेला असतो.