रूसलाग महॉगनी

रूसलाग महॉगनी हे उघड्यावरच्या लाकडाला द्यायचे स्वीडिश घरगुती तेल आहे. उकळलेले जवसाचे तेल, पाइनचे डांबर आणि टर्पेंटाइन हे तीन पदार्थ समप्रमाणात मिसळले की ते तयार होते. स्टॉकहोमच्या उत्तरेला रूसलागेन नावाची किनारपट्टी आहे, तिच्यावरून हे नाव पडले. महॉगनीचा त्यात अंशही नसतो. साध्या पाइनच्या फळीला या तेलाने तांबूस तपकिरी झाक येते, एवढाच काय तो महॉगनीशी संबंध. वल्हवायच्या होड्या, धक्क्याच्या फळ्या, कुंपणे, जिने आणि घरापुढचे लाकडी डेक यांवर ते लावतात. बाजारात तयार डबे मिळतात, तरी स्वीडनमधील अनेक घरांत ते अजून बादलीतच कालवले जाते.

घटक

या मिश्रणात खरे काम जवसाचे तेल करते. त्यातील निम्म्याहून अधिक भाग सहसा अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो. या आम्लाच्या रेणूंतील दुहेरी बंध हवेतला ऑक्सिजन ओढून घेतात आणि एकमेकांत गुंततात. म्हणून हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही, जागच्या जागी घट्ट होते, आणि वाळताना त्याचे वजन उलट वाढते. कच्चे तेल वाळायला कित्येक दिवस लागतात. उकळलेल्या तेलात मँगनीज, कोबाल्ट अशा धातूंचे क्षार वाळवणी म्हणून घातलेले असल्यामुळे ते साधारण दिवसाभरात धरते. आपल्याकडे सुतार आणि रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात ते हेच. रंगाच्या दुकानात ‘डबल बॉइल्ड’ असे लिहिलेल्या डब्यात ते मिळते. वाळण्याचा हा गुण सगळ्या तेलांत नसतो. खोबरेल, शेंगतेल किंवा करंजेल लाकडाला कितीही चोळले तरी ओलेच राहते, त्यावर धूळ बसते आणि पुढे त्याला खवट वास येतो.

पाइनचे डांबर म्हणजे रस्त्यावरचे डांबर नव्हे. रस्त्याचे डांबर खनिज तेलापासून मिळते, तर हे पाइनची राळभरली मुळे आणि बुंधे कमी हवेत धुमसत ठेवून काढतात. जुन्या पद्धतीत उतारावर नरसाळ्यासारखा खड्डा करून त्यात लाकूड रचत, वरून गवताची ढेकळे आणि माती लिंपत आणि अनेक दिवस आत मंद विस्तव जागता ठेवत. वितळलेले डांबर तळाच्या पन्हाळीतून पिंपात उतरे. सतराव्या शतकात स्वीडनच्या निर्यातीत लोखंड आणि तांब्याच्या जोडीला डांबराचे नाव घेतले जाई. त्यातला फार मोठा वाटा त्या काळी स्वीडनच्याच राज्यात असलेल्या फिनलंडमधून येत असे. १६४८ मध्ये या व्यापाराची मक्तेदारी एका कंपनीला देण्यात आली. शिडाच्या जहाजांचे दोरखंड आणि सांधे डांबराशिवाय टिकत नसल्याने इंग्लंड-हॉलंडसारख्या आरमारी सत्तांना त्याची सतत गरज असे. ‘स्टॉकहोम टार’ हे त्याचे व्यापारी नाव आजही चालते. नॉर्वेमध्ये उरलेली २८ मध्ययुगीन लाकडी स्टाव्ह चर्च शतकानुशतके उभी आहेत, त्यात वारंवार दिलेल्या डांबराच्या हाताचा मोठा वाटा आहे.

मिश्रणात डांबर तिहेरी काम करते: पाणी अडवते, बुरशीला काही प्रमाणात आवरते आणि रंग देते. नुसते जवसाचे तेल हे बुरशीचे खाद्यच आहे. दमट, सावलीतल्या फळीवर ते एकटे लावले तर काळे ठिपके उठतात. टर्पेंटाइन फक्त वाहक आहे. घट्ट डांबर आणि तेल पातळ करून ते लाकडाच्या आत पोचवते आणि स्वतः उडून जाते.

कृती

तिन्ही पदार्थ एकेक लिटर घेतले की मध्यम डेकच्या पहिल्या हाताला पुरतात. एका लिटरमध्ये साधारण ५ ते १० चौरस मीटर होते. लाकूड जितके जुने आणि खडबडीत, तितके ते जास्त पिते. थंडीत डांबर काकवीसारखे दाट होते, म्हणून त्याचा डबा गरम पाण्याच्या बादलीत ठेवून ते सैल करतात. मग त्यात तेल ओतून ढवळतात आणि टर्पेंटाइन सर्वांत शेवटी घालतात, तेही चुलीपासून लांब. टर्पेंटाइनची वाफ साधारण ३५ अंश सेल्सिअसच्या आसपासच ठिणगीने पेट घेऊ शकते. मिश्रण शेगडीवर चढवून गरम करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. मिश्रणातले डांबर तळाशी बसते, त्यामुळे लावताना अधूनमधून ढवळावे लागते.

समप्रमाण ही सुरुवात आहे, कायदा नव्हे. होडी, कुंपण किंवा धक्क्याच्या खांबांना ते ठीक आहे. जिथे माणसे अनवाणी चालतात आणि मुले बसतात त्या डेकवर मात्र डांबर निम्म्याने कमी करणे शहाणपणाचे. डांबर जास्त झाले की कडक उन्हात फळीवरचे डांबर पुन्हा मऊ पडते आणि पायाला, कपड्याला लागते. फिकट डांबर वापरले तर लाकडाची रेषा दिसत राहते. गडद डांबराचे थर वर्षानुवर्षे चढत गेले की फळी जवळजवळ काळी होते.

लावणे

स्वीडनमधील डेक बहुधा २८ मिलिमीटर जाड आणि १२० मिलिमीटर रुंद पाइनच्या फळ्यांचे असतात. या फळ्यांत कारखान्यातच तांब्याचे क्षार दाबाने भरलेले असतात, त्यामुळे त्या सुरुवातीला हिरवट दिसतात. अशी नवी फळी आतून ओली असते आणि ती नीट वाळल्याशिवाय तेल घेत नाही. वाळली की नाही हे पाण्याच्या थेंबाने कळते. थेंब लगेच मुरला तर लाकूड तयार आहे. गोटी होऊन वरच बसला तर थांबायचे.

जुन्या डेकची धूळ, शेवाळ आणि करडे पडलेले तंतू ब्रशने घासून काढतात आणि काही कोरडे दिवस जाऊ देतात. तापमान १० अंशांच्या वर असावे, पण दुपारचे थेट ऊन नको, नाहीतर वरचा थर लवकर धरतो आणि खालचा ओला राहतो. जूनच्या सुरुवातीला पाइनचा पिवळा पराग उडतो आणि ओल्या तेलावर जाऊन चिकटतो, तो निघत नाही. म्हणून पुष्कळ जण उन्हाळा उतरणीला लागल्यावरच हे काम काढतात.

हात रेषेच्या दिशेने आणि पातळ द्यायचा. फळीची कापलेली टोके सोडायची नाहीत, कारण पाणी आत शिरते ते बहुतेक तिथूनच. टोकाला ब्रश टेकवला की तेल डोळ्यांदेखत आत जाते. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा टेकवावे लागते, आणि टोक चकचकीत राहू लागले की तिथले पिणे संपले. सपाट भागावर पंधरा-वीस मिनिटांनी पाहावे: जिथे तेल न मुरता साचून चमकते आहे तिथून ते फडक्याने पुसून घ्यावे. डेक महिनाभर चिकट राहिल्याच्या बहुतेक तक्रारी या न पुसलेल्या तेलाच्या असतात. जाड एका हातापेक्षा पातळ दोन हात केव्हाही चांगले. पहिल्या हातात टर्पेंटाइन थोडे अधिक आणि शेवटच्यात थोडे कमी, अशीही रीत आहे.

ऊन-पावसाने हा थर झिजत जातो. लाकूड फिकट, कोरडे दिसू लागले की नवा हात द्यायचा. दक्षिणेकडे तोंड असलेल्या डेकला दर वर्षी किंवा वर्षाआड, सावलीतल्याला त्याहून उशिरा. जुना थर खरवडून काढावा लागत नाही, हा या तेलाचा व्हार्निशवर असलेला मोठा फायदा. व्हार्निशचा पापुद्रा फुटला की त्याखाली पाणी अडकते आणि लाकूड आतून कुजते.

धोके

तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकणे हा या कामातला खरा धोका आहे. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते. पसरलेल्या फडक्यातून ती हवेत जाते, गोळा केलेल्या फडक्यात कोंडून वाढत जाते आणि काही तासांत ठिणगीशिवाय आग लागते. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातील ३८ मजली वन मेरिडियन प्लाझा इमारतीला २३ फेब्रुवारी १९९१ रोजी आग लागली, ती २२व्या मजल्यावर ठेवलेल्या अशाच फडक्यांपासून. त्या आगीत अग्निशमन दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले. फडकी पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकावीत किंवा बाहेर दोरीवर एकेक सुटे पसरून कडक होऊ द्यावीत. टर्पेंटाइनने त्वचेला खाज आणि इसब होऊ शकतो. स्कँडिनेव्हियातील टर्पेंटाइनमध्ये कॅरीन हा घटक जास्त असल्याने तिथल्या रंगाऱ्यांना हा त्रास पूर्वी सर्रास होई. हातमोजे घालावेत.

कोकणातील जवळची पद्धत

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर लाकडी होड्यांना मोरीच्या, म्हणजे शार्कच्या, यकृताचे तेल देण्याची जुनी रीत आहे. काजूच्या टरफलाचे तेलही होड्यांना, तसेच वाळवी लागू नये म्हणून खांब-वाशांना लावतात. टरफलाचे तेल जवसाप्रमाणेच हवेत घट्ट होते, पण बिब्ब्यासारखे अंगावर उठते. प्रश्न मात्र दोन्हीकडे सारखा नाही. रूसलागेनपुढच्या बाल्टिक समुद्राचे पाणी इतके अळणी आहे की लाकूड पोखरणारा जहाजी किडा तिथे बहुतेक टिकत नाही, म्हणून रूसलागच्या होडीला कीडनाशकाची चिंता नसते. कोकणच्या खाऱ्या पाण्यात हा किडाच मुख्य शत्रू आहे, आणि त्याला नुसत्या तेल-डांबराचा वरवरचा हात पुरत नाही. गावाकडे खांबांना गाडीचे जळके ऑइल फासतात. ते वाळत नाही आणि त्यात इंजिनातून आलेले धातू असतात, त्यामुळे घरच्या डेकला ते अजिबात लावू नये. सागाच्या डेकला तर बहुधा कशाचीच गरज नसते. सागात स्वतःचे तेल असते, आणि जहाजांवरचे सागाचे डेक खाऱ्या पाण्याने घासून उघडेच ठेवण्याची प्रथा आहे.

मर्यादा

हे तेल कुजलेले लाकूड बरे करत नाही आणि पाणी साचणाऱ्या डेकला वाचवत नाही. फळ्यांमध्ये फट आणि खाली खेळती हवा हवीच. वास काही आठवडे राहतो. तो काहींना आवडतो, शेजाऱ्यांना आवडेलच असे नाही. रंग देण्याचा विचार असेल तर तो आधीच पक्का करावा. एकदा डांबर मुरलेल्या फळीवर साधा रंग लावला की डांबर त्यातून तपकिरी डागांच्या रूपाने वर येते, आणि पांढऱ्या रंगाखाली ते वर्षानुवर्षे येत राहते.