प्रॉडक्ट ओनरला टीमचे साहाय्य

प्रॉडक्ट ओनरला टीमचे साहाय्य : ॲजाइल पद्धतीने, म्हणजे लहान टप्प्यांत व वेळोवेळी प्रतिसाद घेत, सॉफ्टवेअर तयार करताना काय बनवायचे आणि त्यातले आधी काय, हे ठरवण्याची जबाबदारी ज्या एका व्यक्तीकडे असते तिला प्रॉडक्ट ओनर म्हणतात. तिला निर्णय घेणे सोपे जावे आणि कामाचा अवाजवी भार तिच्यावर पडू नये म्हणून डेव्हलपर, टेस्टर व स्क्रम मास्टर (स्क्रम या ॲजाइल पद्धतीनुसार काम चालते ना हे पाहणारा) जी कामे अंगावर घेतात, त्यांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग (यापुढे एक्सपी) या दुसऱ्या ॲजाइल पद्धतीत याच जागी ‘ग्राहक’ असतो. या दोन भूमिका तंतोतंत एक नाहीत. मात्र साहाय्याच्या प्रश्नापुरता तो फरक गौण आहे. स्प्रिंट म्हणजे ठरावीक मुदतीचा कामाचा टप्पा, बॅकलॉग म्हणजे करायच्या कामांची क्रमवार यादी आणि स्टोरी म्हणजे वापरणाऱ्याच्या दृष्टीने मांडलेले त्या यादीतील एक काम.

उगम : ही भूमिका कोठून आली याबाबत एकमत नाही. स्क्रमची परंपरा सामान्यतः हिरोताका ताकेउची व इकुजिरो नोनाका यांच्या १९८६ मधील हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूतील लेखापासून सांगतात. फुजी-झेरॉक्स, कॅनन, होंडा इ. कंपन्यांत नवी उत्पादने घडवणाऱ्या टीमना त्यांनी रग्बीच्या खेळाची उपमा दिली होती. परंतु त्या लेखात प्रॉडक्ट ओनरसारखी व्यक्ती आढळत नाही. वरिष्ठ व्यवस्थापन ढोबळ पण अवघड उद्दिष्ट समोर ठेवते आणि पुढचे टीमवर सोपवते, असे तेथील चित्र आहे.

जेफ सदरलंड यांनी १९९३ मध्ये ईझल कॉर्पोरेशनमध्ये स्क्रमचा प्रयोग केला. या भूमिकेमागे टोयोटातील मुख्य अभियंत्याची कल्पना होती असे त्यांनी पुढे सांगितले आहे. टोयोटाच्या मुख्य अभियंत्यावर संपूर्ण मोटारीची जबाबदारी असते, पण थेट हाताखालची माणसे थोडी; त्यामुळे त्याचे काम हुकमापेक्षा पटवून देण्यावर चालते. साम्य लक्षणीय असले तरी ते काही अंशी मागाहून जुळवलेले असण्याचा संभव आहे. केन श्वाबर व माइक बीडल यांच्या २००१ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या स्क्रमवरील पुस्तकात प्रॉडक्ट ओनर येतो तो मुख्यतः बॅकलॉगवर नियंत्रण ठेवणारी एकमेव व्यक्ती म्हणून. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत नील मॅकेलरॉय यांनी १९३१ मध्ये एकेका ब्रँडसाठी स्वतंत्र माणूस मागणारे टिपण लिहिले होते. प्रॉडक्ट मॅनेजर आणि त्याच्यामार्फत प्रॉडक्ट ओनर यांचे मूळ काही लेखक त्या टिपणापर्यंत नेतात. हा धागा विक्रीव्यवहाराचा आहे. प्रोग्रॅमरशी रोजचे देणेघेणे त्यात नसल्याने प्रस्तुत विषयाला त्याचा उपयोग थोडा.

साहाय्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला तो एक्सपीत. एक्सपीचे जनक केंट बेक यांनी १९९९ च्या पुस्तकात सांगितलेल्या बारा प्रथांपैकी एक अशी, की ग्राहकाचा प्रतिनिधी पूर्णवेळ टीमसोबतच बसावा. या पद्धतीची जडणघडण क्रायस्लर कंपनीच्या पगारपत्रक प्रकल्पात झाली. बेक १९९६ मध्ये तेथे आले, १९९७ मध्ये सुमारे दहा हजार कर्मचाऱ्यांचे पगार नव्या प्रणालीवर निघू लागले आणि फेब्रुवारी २००० मध्ये प्रकल्प बंद करण्यात आला. पहिला टप्पा पार पडल्यावर काही महिन्यांतच ग्राहकाच्या प्रतिनिधीने अतिताणामुळे काम सोडले व त्या तोडीचा माणूस पुन्हा मिळाला नाही, अशी नोंद आहे. प्रकल्प बंद पडण्याची कारणे अनेक असू शकतात; तथापि टीमच्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर एकाच माणसाकडून मागणाऱ्या रचनेतील कच्चा दुवा पहिल्याच मोठ्या प्रयोगात दिसून आला होता, हे नाकारता येत नाही. बेक यांच्या पुस्तकाच्या २००४ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही प्रथा सौम्य शब्दांत येते.

अँजेला मार्टिन, रॉबर्ट बिडल व जेम्स नोबल यांनी २००४ मध्ये तीन प्रकल्पांतील ग्राहकभूमिकेचा अभ्यास प्रसिद्ध केला. एक्सपीतील ग्राहकाच्या प्रथांमधून उत्तम फळ मिळते, पण त्या दीर्घकाळ निभावण्याजोग्या नाहीत आणि लांबलेल्या किंवा दडपणाखालच्या प्रकल्पांना त्यांचा मोठा धोका संभवतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. या अभ्यासकांच्या पुढील लेखनात उपायही आले आहेत. ग्राहक म्हणजे एकटा माणूस नसून प्रत्यक्षात त्याच्याभोवती एक अनौपचारिक मंडळ उभे राहिलेले असते : कोणी तांत्रिक बोली त्याला उलगडून सांगतो, कोणी चाचण्या लिहून देतो, कोणी कार्यालयीन राजकारणात वाट दाखवतो, कोणी नुसती टिपणे व भेटीगाठी सांभाळतो. प्रोग्रॅमरने काही दिवस ग्राहकाकडे उमेदवारी करणे, टीमने ग्राहकाच्या जागी जाऊन बसणे आणि ग्राहक मागे पडला की टीमने तांत्रिक कामे उरकत त्याला श्वास घेऊ देणे, या प्रथाही त्यांनी नोंदवल्या आहेत. प्रॉडक्ट ओनर ‘उपलब्ध नसतो’ ही टीमची नेहमीची तक्रार या अभ्यासाच्या प्रकाशात वाचल्यास बरीचशी उलटी फिरते.

स्क्रम गाइड ही स्क्रमचे नियम सांगणारी पुस्तिका (पहिली आवृत्ती २०१०) याबाबत मोजकेच बोलते. प्रॉडक्ट ओनर ही एक व्यक्ती असते, समिती नव्हे. आपली कामे ती इतरांकडे सोपवू शकते, उत्तरदायित्व मात्र तिचेच राहते. २०१७ च्या आवृत्तीपर्यंत बॅकलॉग रिफाइनमेंटसाठी (यादीतील कामे फोडून स्पष्ट करण्यासाठी) टीमच्या क्षमतेच्या साधारणतः १० टक्क्यांहून अधिक वेळ जात नाही असा उल्लेख होता. २०२० मध्ये तो वगळला गेला. पुष्कळ ठिकाणी त्या १० टक्क्यांचा नियम करून टाकला होता, त्यामुळे वगळला ते इष्टच झाले.

साहाय्याचे प्रकार : एक्सपीचे एक प्रवर्तक रॉन जेफ्रीज यांनी २००१ मध्ये स्टोरीची तीन अंगे सांगितली : कार्ड (काम थोडक्यात लिहिलेली चिठ्ठी), संवाद आणि खातरजमा (काम हवे तसे झाले का याची चाचणी). व्यवहारात कार्ड लिहिण्याचे ओझे प्रॉडक्ट ओनरवर टाकून टीम उरलेल्या दोन अंगांची वाट पाहत बसते. वास्तविक कार्ड कोणीही लिहावे. क्रम लावणे तेवढे प्रॉडक्ट ओनरकडे राहिले म्हणजे पुरे. मोठी स्टोरी फोडणे हे तर मुख्यतः टीमचेच कौशल्य आहे, कारण कोणता तुकडा स्वतंत्रपणे चालवून दाखवता येईल हे कोड माहीत असणाऱ्यालाच कळते. बिल वेक यांची २००३ मधील ‘इन्व्हेस्ट’ ही चांगली स्टोरी ओळखण्याची सहा निकषांची कसोटी येथे उपयोगी पडते. मात्र ती प्रॉडक्ट ओनरने भरायचा फॉर्म होऊ नये.

प्रश्न विचारण्याची रीत हा साहाय्याचा सर्वांत दुर्लक्षित भाग होय. ‘तुम्हाला काय हवे ते सांगा’ या प्रश्नाला व्यवसायातल्या माणसाकडे सहसा उत्तर नसते. पर्याय, प्रत्येकाचा खर्च आणि टीमची शिफारस समोर ठेवली तर तोच माणूस पटकन निर्णय देतो. तांत्रिक उधारीचेही (घाईत लिहिलेल्या कोडमुळे मागे राहिलेल्या दुरुस्तीच्या बोजाचेही) तसेच. ‘रिफॅक्टरिंग (कोडच्या अंतर्गत रचनेची सुधारणा) करायचे आहे’ असे सांगून वेळ मागितल्यास तो मिळत नाही. ‘कर बदलला की आज चार ठिकाणी दुरुस्ती करावी लागते, ती एका ठिकाणी आणतो’ असे सांगितल्यास प्रॉडक्ट ओनरला ते काम इतर कामांशी ताडून पाहता येते.

सांगली परिसरातील उपयोजन : या विषयावरील पाठ्यपुस्तकांत उदाहरणे बहुधा विमानाच्या तिकिटांची किंवा ऑनलाइन दुकानाची असतात, ती येथे मुद्दाम टाळली आहेत. सांगलीत वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून आहे. तेथून शिकलेले बरेचसे अभियंते पुणे-बंगळूरला जातात. मागे राहिलेल्यांच्या छोट्या टीमना काम मिळते ते अडत दुकाने, पतसंस्था, दूध संघ व साखर कारखान्यांचे. अशा कामात प्रॉडक्ट ओनर म्हणून निराळा माणूस नसतो. मालक किंवा खातेप्रमुख हाच ग्राहक, आणि त्याचा दिवस त्याच्या धंद्याच्या वेळापत्रकाने बांधलेला.

बेदाण्याचे उदाहरण घेता येईल. सांगली व तासगाव या बेदाण्याच्या मोठ्या बाजारपेठा आहेत. सौद्याच्या दिवशी अडत्या लॉटमागून लॉट व्यापाऱ्यांपुढे मांडत असतो. त्या वेळी त्याला फोन करून बटणाचा रंग विचारणारी टीम स्वतःच्या हाताने स्वतःचे दार बंद करते. समजा, शेतकऱ्याची पट्टी (विकलेल्या मालाचा हिशेब) सौद्याच्या संध्याकाळीच त्याच्या मोबाइलवर जावी अशी स्टोरी आहे. ४२ बॉक्स, प्रत्येकी १५ किलो, म्हणजे ६३० किलो. दर १८० रुपये. एकूण १,१३,४०० रुपये. इथवर कोणालाही जमते. उमेदवारी म्हणून दुकानात बसलेल्या प्रोग्रॅमरच्या लक्षात येते ते पुढचे : शेतकऱ्याला दर पटला नाही आणि त्याने सौदा नाकारला तर? व्यापाऱ्याने दोन बॉक्स ओले म्हणून बाजूला काढले, तर पट्टी ६०० किलोंची व १,०८,००० रुपयांची करायची, की त्या दोन बॉक्सना वेगळा दर लावायचा? सौद्यावेळी नमुना हाताळताना जी उधळण होते ती कोणाच्या नावे? हमाली-तोलाई कोणत्या वजनावर? असा चार-सहा ओळींचा तक्ता आकड्यांसह करून दुकान मिटल्यावर अडत्यासमोर ठेवला, तर चहा संपेपर्यंत उत्तरे मिळतात. तीच उत्तरे मग जशीच्या तशी स्वयंचलित चाचण्या होतात. उदाहरणांतून स्पेसिफिकेशन ठरवण्याच्या पद्धतीवर बरेच तात्त्विक लेखन झाले आहे. तिचे मर्म एवढेच आहे, आणि दुकानातला जुना दिवाणजी नव्या कारकुनाला याच रीतीने शिकवत आला आहे.

वेळापत्रकाचा मुद्दाही येथे ठळकपणे दिसतो. दिवाळीच्या सुमारास बेदाण्याचे सौदे काही आठवडे बंद ठेवून अडते व व्यापारी आपसातील येणे-देणे मिटवतात. याला झिरो पेमेंट म्हणतात. सौदे बंद म्हणजे अडत्या मोकळा, असा समज करून घेऊन टीमने याच काळात मोठी रिव्ह्यू बैठक (झालेले काम ग्राहकाला दाखवण्याची बैठक) ठेवणे चुकीचे, कारण तो वसुलीत गुंतलेला असतो. उलट थकबाकी व व्यापारीनिहाय उताऱ्याच्या स्टोरी त्याआधीच्या स्प्रिंटमध्ये घेतल्या, तर त्यांची खरी परीक्षा याच काळात होते. रिव्ह्यूला ‘अबक ट्रेडर्स’ अशी बनावट नावे न वापरता, ग्राहकाच्या परवानगीने, मागच्या हंगामाचाच डेटा दाखवावा. आपल्या ओळखीचा लॉट पडद्यावर चुकीचा दिसला की ग्राहक आपणहून बोलू लागतो.

साखर कारखान्यात अडचण वेगळी असते. करारावर ग्राहक म्हणून नाव बहुधा ईडीपी मॅनेजरचे (संगणक विभागाच्या प्रमुखाचे) असते. पण ऊस नोंद, तोडणीचा क्रम व वाहतूक यांची माहिती शेती खात्याला, आणि फडात नेमके काय होते ते चिटबॉयला (ऊसतोडीच्या चिठ्ठ्या पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला). ऊस नियंत्रण आदेश १९६६ नुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपीची (उसाच्या रास्त व किफायतशीर दराची) रक्कम देणे बंधनकारक असून उशीर झाल्यास १५ टक्के वार्षिक व्याज लागते. या तरतुदीचा अर्थ शेती खाते, लेखा विभाग आणि ईडीपी आपापल्या परीने लावतात. अशा वेळी तीन टेबलांवर तीन उत्तरे गोळा करून त्यांतले एक परस्पर निवडणे हे साहाय्य नव्हे. टीमने विसंगती लिहून काढावी, तिघांना एकत्र बसवावे आणि निर्णय ईडीपी मॅनेजरच्या तोंडून घ्यावा. गळीत हंगाम सुरू झाल्यावर वजनकाट्याच्या प्रणालीला हात लावायचा नसतो, हे कोणत्याही गाइडमध्ये सापडणार नाही.

मर्यादा व मतभेद : ग्राहक वेळ देऊ शकत नाही तेथे टीममधीलच एखाद्याला प्रतिनिधी-ओनर करण्याचा प्रघात आहे. त्याला धंदा कळतो, पण अंतिम शब्द देण्याचा अधिकार नसतो. परिणामी प्रत्येक निर्णय दोनदा होतो. बहुतेक लेखक या प्रघातावर टीका करतात. बाहेरगावच्या ग्राहकासाठी काम करणाऱ्या छोट्या टीमना दुसरा मार्ग नसतो, हेही खरे. निदान कोणते निर्णय प्रतिनिधीने घ्यायचे आणि कोणते मालकाला विचारायचे हे सुरुवातीलाच ठरवलेले असले तर नुकसान कमी होते. पैसे, कायदा आणि शेतकऱ्याच्या हाती पडणारा कागद यांविषयीचे निर्णय मालकाकडे ठेवावेत, असे सर्वसाधारणपणे म्हणता येईल.

‘डेफिनिशन ऑफ रेडी’विषयीही मते भिन्न आहेत. स्टोरी अमुक इतकी तयार असल्याशिवाय स्प्रिंटमध्ये घ्यायची नाही, असा हा टीमने केलेला करार. स्क्रम गाइडमध्ये तो नाही. समर्थकांच्या मते त्यामुळे अर्धवट स्टोरी अडतात. विरोधकांच्या मते टीम त्याचा वापर दरवाजासारखा करते व तयारीचे सारे काम पुन्हा प्रॉडक्ट ओनरच्या गळ्यात पडते. मार्टिन व सहकाऱ्यांचा अभ्यास लक्षात घेता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. ही यादी ठेवायचीच असेल तर तिच्यातील प्रत्येक ओळीपुढे ती पूर्ण करण्यात हात लावणाऱ्या डेव्हलपरचे नावही लिहिलेले असावे.